उभ्या माणसाची नाडी

रोग्याने बाकावर बसावे, हात पुढे करावा, दंडाभोवती पट्टा गुंडाळून रक्तदाबाचा आकडा केसपेपरवर उतरवला जावा, आणि अधिक शंका आल्यास त्याला टेबलावर आडवे करून हृदयाचा आलेख काढावा, हा आपल्या दवाखान्यांतील तपासणीचा शिरस्ता इतका जुना आणि सर्वमान्य आहे, की त्यात काही उणीव असेल असा संशयही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. परंतु मनुष्याला जडणारे काही विकार असे आहेत, की ते त्याच्या उभे राहण्यातच प्रकट होतात. तो बसला की ते मंदावतात, निजला की दिसेनासे होतात, आणि डॉक्टरांपुढे तो बसलेला किंवा निजलेलाच येत असल्यामुळे त्यांच्या दप्तरी या विकारांची नोंद बहुधा होतच नाही. उभे राहताच छातीत धडधड सुरू व्हावी, डोळ्यांपुढे अंधारी यावी, घेरी येऊन भिंतीचा आधार शोधावा लागावा, आणि तपासणीअंती मात्र ‘सर्व ठीक’ एवढाच शेरा पदरी पडावा, असा अनुभव घेतलेली माणसे आपल्या समाजात थोडी नाहीत. त्यांचे निदान रखडते त्याचे कारण दुर्मीळ यंत्रांचा अभाव हे नव्हे. त्यांना दहा मिनिटे उभे करून त्यांची नाडी आणि रक्तदाब मोजण्याची तसदी आपण घेत नाही, हे आहे. ही साधी तपासणी आपल्या दवाखान्यांत नेहमीचीच व्हावी, एवढीच मागणी मांडण्यासाठी हा लेख आहे.

उभे राहणे ही क्रिया आपण दिवसभरात असंख्य वेळा करतो आणि तिच्याविषयी एकदाही विचार करत नाही, याचे श्रेय आपल्या शरीरातील एका अत्यंत तत्पर यंत्रणेला आहे. मनुष्य उठून उभा राहिला, की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त काही क्षणांत छातीतून पोटाकडे आणि पायांकडे उतरते, हृदयाकडे परतणारा ओघ रोडावतो, आणि हृदयाच्याही वर असलेल्या मेंदूची अवस्था चाळीच्या शेवटच्या मजल्यावरील नळासारखी होऊ पाहते. ती तशी होत नाही, कारण मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्ताच्या दाबाची सतत वार्ता ठेवणारे चेतातंतू आहेत. दाब किंचित घसरल्याची खबर त्यांच्याकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना मिळताच तेथून अनुकंपी चेतासंस्थेस हुकूम सुटतो, पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाची गती थोडी वाढते, आणि हा सर्व व्यवहार आपण पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच पुरा झालेला असतो. निरोगी माणसाची नाडी उभे राहिल्यावर मिनिटास दहा ते वीस ठोक्यांनी वाढते आणि रक्तदाब जवळजवळ आहे तेथेच राहतो, ही या व्यवस्थेच्या स्वास्थ्याची खूण होय.

ही व्यवस्था प्रामुख्याने तीन रीतींनी बिघडते. पहिल्या रीतीत उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० मिलिमीटरने अथवा त्याहून अधिक उतरतो, आणि इतका दाब उतरूनही नाडी जवळजवळ जागच्या जागी राहते. याचा अर्थ असा, की वार्ता पोहोचवणारे किंवा हुकूम बजावणारे चेतातंतूच निकामी झाले आहेत, आणि त्यामागे जुना मधुमेह, पार्किन्सनचा विकार अथवा चेतासंस्थेचा तत्सम ऱ्हास असण्याचा संभव मोठा आहे. दुसऱ्या रीतीत दाब तसाच उतरतो, पण नाडी धावू लागते. येथे चेतातंतू शाबूत असतात, मात्र रक्तवाहिन्यांतील द्रव कमी पडलेला असतो किंवा त्या औषधांनी सैल पडलेल्या असतात, म्हणून जुलाब, रक्तस्राव, उन्हाचा ताप, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा रक्तदाब उतरवण्याची औषधे यांचा तपास आधी करावा लागतो. या दोहोंमधील सीमारेषा ओळखण्यास एक सोपा अंदाज आहे: दाबाचा वरचा आकडा जितक्या मिलिमीटरने उतरला, त्याच्या निम्म्याइतके ठोकेही नाडीत वाढले नसतील, तर दोष चेतातंतूंचा असावा असे समजून पुढे जावे. तिसरी रीत सर्वांत फसवी आहे. तीत रक्तदाब उतरतच नाही, पण नाडी मात्र ३० ठोक्यांनी वा अधिक वाढते आणि वाढलेलीच राहते. दाबाचा आकडा चांगला पाहून तपासणारा निश्चिंत होतो आणि समोरचा रोगी मात्र घामाघूम होऊन खाली बसण्याची परवानगी मागत असतो.

या तिसऱ्या विकाराला ‘पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम’ असे लांबलचक नाव असून व्यवहारात त्यास ‘पॉट्स’ म्हणतात. त्याच्या निदानाच्या अटी तज्ज्ञांच्या एकमताने ठरलेल्या आहेत. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटास किमान ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली पाहिजे, आणि बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत, ज्यांची नाडी स्वभावतःच चपळ असते, ही वाढ किमान ४० ठोक्यांची असली पाहिजे; या काळात रक्तदाब वर सांगितलेल्या प्रमाणात उतरता कामा नये; भोवळ, धडधड, थरथर, अंधारी, विचार गढूळ होणे अशी लक्षणे उभे राहिल्याने वाढावीत आणि निजल्याने शमावीत; ती निदान तीन महिने टिकलेली असावीत; आणि या सर्वांचा उलगडा करील असे दुसरे कारण सापडू नये. या अटींत शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यावाचून पहिल्या चार अटींचा दुरुपयोग सहज होऊ शकतो, आणि तिचा विचार मी पुढे स्वतंत्रपणे करणार आहे.

हा विकार नव्या युगाने शोधून काढलेली काही चैन आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फिया येथील सैनिकी रुग्णालयात जेकब मेंडिस डा कॉस्टा या वैद्याकडे असे सैनिक येऊ लागले, की ज्यांच्या हृदयात कोणताही दोष सापडत नसे, परंतु अल्पशा श्रमाने ज्यांची छाती धडधडत असे, डोके हलके होत असे, आणि ज्यांच्या नाडीचा वेग शरीराच्या स्थितीनुसार विलक्षण बदलत असे. अशा तीनशेहून अधिक सैनिकांची कैफियत त्याने १८७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्या विकाराला ‘चिडखोर हृदय’ म्हटले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अशाच सैनिकांनी चिंतेत टाकले, तेव्हा सर टॉमस लुईस यांनी त्यांच्यावर सविस्तर संशोधन केले. परंतु दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, पॉल वुड या नामवंत हृदयरोगतज्ज्ञाने हा सारा प्रकार मनोविकाराचा आहे असा निर्णय दिला, आणि त्यानंतर बराच काळ हृदयरोगाच्या शास्त्राने या रोग्यांना जणू आपल्या इलाख्यातून हद्दपार केले. दरम्यान १९२५ मध्ये ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकन वैद्यांनी उभे राहताच रक्तदाब कोसळणाऱ्या तीन रोग्यांचे वर्णन केले होते. म्हणजे दाब उतरणाऱ्या रोग्याला शास्त्रात जागा मिळाली, दाब टिकवून धरणाऱ्याला मात्र मिळाली नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शॉन्डॉर्फ आणि लो यांनी या विकाराची नीट व्याख्या केली, आणि २००० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी एका रुग्ण स्त्रीच्या कुटुंबात असे जनुकीय वैगुण्य दाखवून दिले, की ज्यामुळे चेतातंतूंनी सोडलेले नॉरएपिनेफ्रिन हे द्रव्य परत शोषले जात नाही आणि हृदय विनाकारण डिवचले जाते. अशी कुटुंबे अत्यंत विरळ आहेत हे खरे. पण ज्याला सरसकट मनाचा खेळ ठरवले गेले, त्याचे मूळ कधीकधी रसायनशाळेत मोजता येते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध झाले.

डा कॉस्टाचे रोगी पुरुष होते, आणि त्यांना पुन्हा पायांवर उभे करण्याची निकड त्यांच्या सरकारला होती. आजचे रोगी बहुतांशी पंधरा ते पन्नास वर्षांच्या वयातील स्त्रिया आहेत, आणि त्यांनी उभे राहावे याची निकड त्यांच्या घरातील स्वयंपाकघरापलीकडे फारशी कोणाला नसते. उत्तर अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार हजार आठशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत शेकडा ९४ स्त्रिया होत्या. अशा पाहण्यांना उत्तरे देण्यात स्त्रियाच अधिक पुढे येतात ही सवलत धरली, तरी प्रमाण बोलके आहे. त्याच पाहणीत निम्म्या रुग्णांना अचूक निदानासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ वाट पाहावी लागली होती, आणि बहुसंख्यांना मध्यंतरी दुसरेच काही निदान, पुष्कळदा मनोविकाराचे, सांगण्यात आले होते. ज्या देशांत तज्ज्ञांची आणि यंत्रांची ददात नाही, तेथील ही स्थिती आहे. आपल्याकडे तशी व्यापक मोजदादच झालेली माझ्या पाहण्यात नाही, परंतु परिपाठाच्या वेळी रांगेत कोसळलेल्या मुलीला ‘सकाळी काही खाल्ले नसेल’ म्हणून, नव्या सुनेला ‘कामाची सवय नाही’ म्हणून, आणि चाळिशीच्या बाईला ‘आता वयच झाले’ म्हणून वाटेला लावण्याची रीत ज्याने पाहिली नाही, असा मराठी वाचक विरळाच असेल.

आपल्याकडे या तक्रारींना जी नावे मिळतात, ती एकदा एकत्र मांडून पाहण्यासारखी आहेत. पित्त झाले, अशक्तपणा आला, ‘बीपी लो’ झाले, साखर उतरली, मान झिजली, मणक्यात गॅप आली, कानातला तोल गेला, टेन्शन घेतले: यांपैकी एखादे कारण एखाद्या रोग्याच्या बाबतीत खरे असूही शकते, परंतु ते खरे आहे की नाही हे ठरवण्याआधीच उपचार सुरू होतो, हा खरा दोष आहे. विशेषतः मानेच्या मणक्यांची चित्रे काढून त्यांत वयोमानानुसार हमखास दिसणाऱ्या झिजेवर चक्करेचे खापर फोडण्याची आणि गळ्यात पट्टा अडकवण्याची प्रथा आपल्याकडे फारच रूढ झाली आहे. दुसरी प्रथा सलाईनची. घेरी आलेल्या बाईला खाटेवर निजवून शिरेत मिठाच्या पाण्याची बाटली लावली जाते, आणि तासाभरात तिला खरोखरच बरे वाटते. हे बरे वाटणे खोटे नाही. निजल्याने पायांत साठलेले रक्त हृदयाकडे परतते आणि मीठपाण्याने रक्तातील द्रव वाढतो, म्हणजे नकळत दोन अचूक उपाय एकाच वेळी झालेले असतात. परंतु ‘बाटलीने बरे वाटले’ हीच निदानाकडे नेणारी खूण होती, हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, आणि दोन दिवसांनी तीच बाई त्याच खाटेवर येऊन पुन्हा पैसे मोजते.

आता तपासणीचा तपशील सांगतो, कारण तो इतका साधा आहे, की त्याच्या साधेपणामुळेच त्याची उपेक्षा झाली असावी. रोग्याला शांत जागी पाच ते दहा मिनिटे निजवावे आणि त्याची नाडी व रक्तदाब लिहून घ्यावा. नंतर त्याला उभे करावे, भिंतीला रेलू देऊ नये, पाय हलवू देऊ नयेत, बोलण्यात गुंतवू नये, आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाला हेच दोन आकडे पुन्हा लिहावेत, त्यांच्या बाजूला रोग्याला त्या क्षणी काय होते आहे तेही लिहावे. जवळ एक माणूस उभा असावा, आणि मूर्च्छेची चिन्हे दिसताच रोग्याला निजवून परीक्षा तेथेच थांबवावी. ही तपासणी शक्य तो सकाळी करावी, कारण हा विकार सकाळीच अधिक जोरात असतो. आणि ती बसून उठण्यावर न भागवता निजून उठण्यावरच करावी, कारण बसलेल्या माणसाचे काही रक्त आधीच पायांत उतरलेले असल्यामुळे फरक लहान दिसतो. रोग्याला पट्ट्यांनी बांधून साठ-सत्तर अंशांत उभ्या करणाऱ्या कलत्या टेबलाची परीक्षा, जी वारंवार मूर्च्छा येणाऱ्यांसाठी १९८६ मध्ये लंडनमधील वैद्यांनी रूढ केली, ती मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांत उपलब्ध आहे आणि काही गुंतागुंतीच्या रोग्यांना आवश्यकही आहे. परंतु बहुसंख्य रोग्यांची पहिली चाळणी एक परिचारिका, एक पट्टा आणि एक घड्याळ यांवर होऊ शकते. वेळ नसल्याची सबब येथे पुढे केली जाईल. तिला उत्तर असे, की आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत केसपेपर काढण्याच्या रांगेत रोगी दहा मिनिटेच काय, तासभर उभा असतो. ही परीक्षा तो रोज देतच आहे, फक्त तिचे गुण मांडून घेणारे कोणी नाही.

या ठिकाणी वर राखून ठेवलेल्या शेवटच्या अटीकडे वळले पाहिजे. नाडी तीस ठोक्यांनी वाढली म्हणजे ‘पॉट्स’ झाला, असे समीकरण मांडणे हे त्याची दखल न घेण्याइतकेच घातक ठरेल. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७, आणि महाराष्ट्रात शेकडा ५४ हून अधिक, रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आठावर आहे, तिचे हृदय उभे राहिल्यावर धावणारच, आणि तिला दुर्मीळ विकाराचे नाव देण्याआधी लोह देणे व तिच्या अतिरिक्त रक्तस्रावाचे मूळ शोधणे हेच कर्तव्य आहे. अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा, अतिस्राव असाच नाडीला पळवतो. अधिवृक्क ग्रंथी क्षीण झाल्यास रक्तदाब उतरतो, त्वचा काळवंडते, वजन घटते आणि मीठ खावेसे वाटते. क्षयरोग त्या ग्रंथींनाही ग्रासत असल्यामुळे आपल्या देशात या शक्यतेचा विसर पडता कामा नये. दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने, तापाने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने आणि औषधांच्या दुष्परिणामानेही हेच चित्र उमटू शकते. आणि काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसताच उभे राहण्याच्या परीक्षेत वेळ न घालवता हृदयरोगतज्ज्ञाकडे धाव घ्यावी: श्रम करता करता मूर्च्छा येणे, मूर्च्छेसोबत छातीत दुखणे, घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, अथवा बसल्याजागी कळ दाबल्याप्रमाणे धडधड सुरू होऊन तशीच एकाएकी थांबणे. तात्पर्य, रक्ततपासणी, हृदयाचा आलेख आणि औषधांची यादी यांना ही तपासणी पर्याय नाही. ती त्यांच्या पंक्तीला बसवावी, एवढेच म्हणणे आहे.

यावर काही विचारी डॉक्टर असा आक्षेप घेतात, की या रोग्यांत चिंता व भय ठळकपणे दिसते, तेव्हा मनाचा उपचार करणेच श्रेयस्कर. मन आणि शरीर यांच्यामध्ये पक्की भिंत नाही हे मान्य करूनही या युक्तिवादातील एक चूक दाखवली पाहिजे. भयाच्या प्रसंगी जी द्रव्ये रक्तात उसळतात, तीच द्रव्ये या विकारात निव्वळ उभे राहिल्याने उसळतात. मग छातीत धडधड, हातांना कंप, तोंडाला कोरड ही लक्षणे पाहून तपासणारा त्यांना भयाचे कार्य समजतो, वास्तविक पुष्कळदा ती भयाचे कारण असतात. शारीरिक लक्षणांवर न बेतलेले प्रश्न विचारले असता या रुग्णांत चिंतेचे प्रमाण इतरांहून विशेष अधिक आढळत नाही, असे व्हँडरबिल्टच्याच एका अभ्यासात दिसून आले आहे. शिवाय या दोहोंचा भेद करण्याची कसोटी आपल्या हाती आहे: चिंता माणसाला निजल्यावरही सोडत नाही, किंबहुना रात्री अंथरुणावरच ती अधिक छळते; उलट पॉट्सच्या रोग्याला निजताच दिलासा मिळतो. ज्या बाईला रांगेत उभे राहिले की मरण जवळ आल्यासारखे वाटते आणि पायरीवर बसले की पाच मिनिटांत ओसरते, तिची ही कैफियत कोणी मन लावून ऐकून घेतली, तर निदानाचे अर्धे काम तेथेच होते.

दुसरा आक्षेप असा, की निदान करून तरी काय मिळणार, या विकारावर रामबाण औषध थोडेच आहे? रामबाण औषध नाही हे खरे; परंतु निदानाने उपचाराची दिशा उलटते, ही गोष्ट लहान नव्हे. मिठाचेच उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटना सर्वसामान्य माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते, आणि धडधडीची तक्रार घेऊन आलेल्याला आपल्याकडे बहुधा तोच उपदेश मिळतो. पॉट्सच्या रोग्याला मात्र रक्तदाब व मूत्रपिंडे निकोप असल्याची खात्री करून आठ-दहा ग्रॅमपर्यंत मीठ आणि दोन-तीन लिटर पाणी घेण्यास सांगितले जाते. कोणाला मीठ तोडायचे आणि कोणाला वाढवायचे, हे उभ्या नाडीशिवाय कळणार कसे? ‘रोज तासभर चालायला जा’ हा उपदेशही येथे सुरुवातीला उलट जातो, कारण रोग्याचे वैगुण्य उभ्या अवस्थेतच आहे. त्याने प्रथम निजून किंवा बसून करावयाचे व्यायाम, पोहणे अथवा टेकून चालवण्याची सायकल यांपासून आरंभ करून काही महिन्यांत उभ्या व्यायामाकडे यावे, असा क्रम आहे. पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे, थोड्या मात्रेतील प्रोप्रॅनोलॉल, केवळ हृदयाची गती मंदावणारे आयव्हाब्रॅडिन, रक्तवाहिन्या आवळणारे मिडोड्रिन, यांपैकी काय द्यावे हे रोग्यागणिक ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. पुष्कळांना यांनी नोकरी, शाळा आणि घर सांभाळण्याइतके बळ येते. आणि आपल्याला झालेल्या गोष्टीला नाव आहे, ती आपल्या कल्पनेची पैदास नव्हे, हे कळण्याचे मोलही ज्याने अनेक वर्षे अविश्वास सोसला आहे त्यालाच विचारावे.

येथवर तरुण स्त्रियांचा विचार अधिक झाला; परंतु निजून-उठून मोजण्याचा सर्वांत मोठा लाभ कदाचित वृद्धांना व मधुमेही लोकांना होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे दाखवले. त्यांतील ज्यांचा रोग जुना आहे, त्यांच्या चेतातंतूंची झीज पायांच्या तळव्यांप्रमाणेच रक्तदाबाच्या यंत्रणेतही होत असते. अशा गृहस्थाचा बसलेल्या अवस्थेतील रक्तदाब चढा आढळला म्हणून गोळ्या वाढवल्या जातात, त्याच सुमारास पुरःस्थ ग्रंथीसाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी, रक्तवाहिन्या सैल करणारे औषध सुरू होते, आणि एके रात्री लघवीला उठताना तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळून खुब्याचे हाड मोडून घेतो. कुटुंबाच्या लेखी हा पाय घसरल्याचा अपघात असतो. वृद्धांचा व मधुमेहींचा रक्तदाब उभ्या अवस्थेतही मोजावा, असे उच्च रक्तदाबाविषयीच्या मान्यवर मार्गदर्शिका सांगत आल्या आहेत. हे फर्मान नवे नाही, त्याचा अंमल तेवढा बाकी आहे.

करोनाच्या साथीनंतर या प्रश्नाला नवी धार आली आहे. विषाणूजन्य ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा डोक्याला लागलेला मार यांच्यानंतर पॉट्स जडू शकतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. २०२० नंतर जगभरातून करोनामुक्त झालेल्या रुग्णांत तो आढळू लागला, आणि अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या रोगसूचीत त्यास स्वतंत्र संकेतांक दिला. त्याच साथीने आपल्या घरोघरी बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आणून ठेवले, जे प्राणवायूसोबत नाडीचा आकडाही दाखवते. ज्यांना उभे राहण्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी काही सकाळी निजून आणि उभ्याने त्या आकड्यांचे टिपण करून न्यावे. थंड बोटांवर ते यंत्र चुकते आणि रक्तदाबाविना केवळ नाडी ही अर्धीच हकिकत आहे, हे लक्षात ठेवून त्यावरून स्वतःच निदान करू नये, पण ते टिपण डॉक्टरांच्या मेजावर अवश्य ठेवावे.

शासनाकडे मागणे मोठे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या केसपेपरवर आज रक्तदाबासाठी एकच रकाना असतो; तेथे ‘निजून’ आणि ‘उभ्याने’ असे दोन रकाने छापावेत, आणि चक्कर, घेरी, धडधड किंवा मूर्च्छा यांची तक्रार असलेला प्रत्येक रुग्ण, साठी ओलांडलेला प्रत्येक नवा रुग्ण, प्रत्येक जुना मधुमेही आणि रक्तदाबाचे औषध नव्याने सुरू होणारी प्रत्येक व्यक्ती यांच्या बाबतीत ते भरल्याशिवाय कागद डॉक्टरांपुढे जाऊ नये, असे परिपत्रक सार्वजनिक आरोग्य विभागाने काढावे. तीस वर्षांवरील नागरिकांचा रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम गावोगावच्या उपकेंद्रांत सुरू आहेच. त्यातील सेविकांना हे शिकवण्यास एका दिवसाचे प्रशिक्षण पुरे. रिकामा रकाना प्रश्न विचारतो, आणि सरकारी दप्तरात जो प्रश्न छापील असतो त्याचेच उत्तर शोधले जाते, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे. कोट्यवधींची यंत्रे खरेदी करण्याचे प्रस्ताव मंत्रालयात वर्षानुवर्षे फिरत राहतात. या प्रस्तावाला छापखान्यातील शाईपलीकडे खर्च नाही, आणि तो अमान्य करावयाचा असेल, तर ज्या रोग्याची तक्रार उभे राहण्याची आहे त्याला बसवूनच का तपासावे, याचे कारण मात्र कोणीतरी लेखी द्यावे.